आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी : ऑनलाइन खेळ मध्येच का अडखळतो?



ऑनलाइन खेळ रंगात आलेला असताना पडद्यावरचा गडी एकाएकी थिजतो, क्षणभराने भलत्याच जागी उभा दिसतो आणि तोवर डाव हातचा गेलेला असतो. या अडखळण्याला खेळणारी मुले ‘लॅग’ म्हणतात. ते अधूनमधून झटक्यासारखे येते तेव्हा त्याला ‘लॅग स्पाइक’ म्हणतात. घरोघरी यावर एकच उपाय सुचवला जातो : “बाबा, आपला प्लॅन वाढवा ना!” मग दरमहा जास्त पैसे मोजून ५० मेगाबिटचे १०० मेगाबिट होतात आणि पुष्कळदा खेळ पूर्वीइतकाच अडखळत राहतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार. आग नेमकी कुठे लागली आहे, हे घरच्या घरी आणि पैसा खर्च न करता शोधता येते. ते कसे, हे या लेखात पाहू.

रुंदी वेगळी, विलंब वेगळा

प्लॅनवर लिहिलेले ५० किंवा १०० मेगाबिट म्हणजे एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते याचे माप. ती झाली रस्त्याची रुंदी. आपला एक निरोप खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत यायला किती वेळ लागतो, हा अगदी वेगळा प्रश्न आहे. त्या वेळेला आपण विलंब म्हणू. तो मिलिसेकंदांत मोजतात. १००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद.

चित्रपट पाहायला रुंदी लागते. खेळाला ती फारशी लागत नाही, कारण त्यातली चित्रे आणि आवाज आधीच आपल्या यंत्रात साठवलेले असतात. ‘मी डावीकडे वळलो’, ‘मी उडी मारली’ असे चिमुकले निरोप तेवढे ये-जा करतात. बहुतेक खेळांचे काम सेकंदाला १ मेगाबिटच्या आतच भागते. मात्र हे निरोप वेळेवर पोहोचले पाहिजेत.

विलंबाचा काही भाग अटळ असतो. ऑप्टिकल फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. बडोद्याहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे निरोप जायला २ आणि उत्तर यायला २, असे ४ मिलिसेकंद झाले. मुंबईपासून सिंगापूर सुमारे ४००० किलोमीटर. तेथील सर्व्हरशी बोलायचे तर मुंबईपासूनच जाऊन-येऊन निदान ४० मिलिसेकंद हवेत. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतली यंत्रेही थोडा वेळ घेतात, त्यामुळे आकडे याहून मोठे येतात. म्हणून खेळात सर्व्हर निवडायची सोय असेल, तर जवळचा निवडावा.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबई काही रात्री नऊ वाजता लांब सरकत नाही! अंतरामुळे होणारा विलंब साधारण सारखाच राहतो. तो ३० वरून एकदम ५०० वर उडी मारतो, तेव्हा कुठेतरी रांग लागलेली असते, नाहीतर निरोप वाटेत हरवलेला असतो. ती जागा आपल्याला शोधायची आहे.

आधी यंत्राची तपासणी

प्रत्येक अडखळण्यामागे इंटरनेटच असते असे नाही. मोबाइल तापला की तो स्वतःला सांभाळण्यासाठी कामाचा वेग कमी करतो. जुन्या संगणकाला जड खेळ पेलत नाही. पुष्कळ खेळांच्या सेटिंगमध्ये दोन आकडे पडद्यावर दाखवण्याची सोय असते. एक ‘एफपीएस’, म्हणजे सेकंदाला किती चित्रे उमटतात तो, आणि दुसरा ‘पिंग’, म्हणजे विलंब. खेळ अडखळताना एफपीएस कोसळला आणि पिंग शांत राहिला, तर दोष यंत्राचा. एफपीएस ठीक आणि पिंग उडाला, तर पुढे वाचा.

पिंग : छोटी पण कामाची युक्ती

अमेरिकेतील माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीचा ठाव घेण्यासाठी पाण्यात आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या आवाजावरून हे नाव पडले. पिंगही तेच करतो. तो एक निरोप पाठवतो आणि उत्तर किती मिलिसेकंदांनी आले ते सांगतो. तो आजही जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो.

विंडोजच्या संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग टाका. ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे जो आकडा दिसेल, तो तुमच्या राउटरचा पत्ता. बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होतो. आता पिंग, मग एक जागा सोडून तो पत्ता, पुन्हा एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला जोडून ‘टी’ हे अक्षर, असे सगळे इंग्रजीत टाका. दर सेकंदाला एक उत्तर येऊ लागेल. दुसरी खिडकी उघडून तिथे राउटरऐवजी ८.८.८.८ हा गुगलचा सार्वजनिक पत्ता द्या. थांबवायचे असेल तेव्हा ‘कंट्रोल’ आणि ‘सी’ एकत्र दाबा. मोबाइलवर हेच काम करणारी मोफत ॲप मिळतात.

दोन्ही खिडक्या चालू ठेवून पंधरा मिनिटे खेळा. एखाददुसरा आकडा उडाला तर त्याचे काही नाही. पण खेळ जेव्हा जेव्हा अडखळेल, तेव्हा तेव्हा कोणत्या खिडकीत उडी दिसते ते पाहा.

राउटरचा आकडाच उडाला तर : वायफाय

राउटर तर आपल्याच घरात आहे. त्याचे उत्तर सहसा काही मिलिसेकंदांत यायला हवे. तेच वारंवार १०० किंवा २०० वर जात असेल, तर दोष घरातल्या हवेत आहे! वायफाय म्हणजे रेडिओलहरी. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, असा तिथला नियम आहे. सोसायटीतल्या दहा घरांचे राउटर एकाच चॅनलवर असतील, तर सगळे एकमेकांसाठी थांबतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथही असते, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच लहरींवर चालतो.

उपाय सोपे आहेत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल टाकणे. ते शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तो भिंतींपलीकडे फार पोहोचत नाही, पण तिथे गर्दी कमी असते. २.४ वरच राहावे लागले तर १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारी कमी वापरत असलेला चॅनल निवडावा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. राउटर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे न ठेवता उघड्यावर, थोडा उंच ठेवावा.

राउटर शांत, बाहेरचा उडाला तर : रांग

पोस्टाच्या एकाच खिडकीपुढे एक गृहस्थ दोनशे पार्सलांची गोणी घेऊन उभे आहेत आणि त्यांच्यामागे तुम्ही एक पोस्टकार्ड घेऊन. तुमचे काम क्षणाचे, पण दोनशे पार्सले संपेपर्यंत थांबणे आले. घरात नेमके हेच घडते. ताई प्रकल्पाचा व्हिडिओ पाठवत असते, आईच्या मोबाइलवरची छायाचित्रे आपोआप क्लाउडवर जात असतात, दारावरचा कॅमेरा चित्रण वर पाठवत असतो. त्या गोण्यांमागे तुमच्या खेळाचे पोस्टकार्ड अडकते.

गणित करून पाहू. समजा, बाहेर पाठवण्याची क्षमता सेकंदाला २० मेगाबिट आहे आणि राउटरमध्ये १ मेगाबाइट माहितीची रांग साठली आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. ८ ला २० ने भागले की ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद. सर्व्हर मुंबईत असला तरी तुमचा निरोप घरातच ४०० मिलिसेकंद थांबला! जिम गेटिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या कनेक्शनवर हा दोष अभ्यासला आणि अशा वाजवीपेक्षा लांब रांगांना ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये अशा रांगा आटोक्यात ठेवण्याची ‘कोडेल’ नावाची पद्धत मांडली. पुढे तिला प्रत्येकाला आळीपाळीने संधी देण्याची जोड मिळाली, म्हणजे पोस्टकार्डवाल्याला गोणीमागे ताटकळावे लागत नाही.

तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘क्यूओएस’ असेल तर ते चालू करावे आणि जाण्या-येण्याची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी. थोडी रुंदी सोडावी लागते, पण रांग आपल्या ताब्यात राहते. ही सोय नसेल तर साधा उपाय करावा : छायाचित्रांचा बॅकअप आणि संगणकाचे अपडेट रात्री झोपतानाच्या वेळेला लावावेत.

घर निर्दोष ठरले तर

संगणक लॅन केबलने जोडला आहे, घरात दुसरे कोणी काही पाठवत किंवा उतरवत नाही, राउटरचे उत्तर शांत आहे आणि तरीही ८.८.८.८ चा आकडा उडतो आहे, तर दोष पुढे आहे. कपाटामागे फायबरची तार चेपली किंवा मुडपली नाही ना, ते पाहावे. नसेल, तर इंटरनेट कंपनीला कळवावे. पण “नेट नीट चालत नाही” एवढेच सांगू नये. तारीख, वेळ, राउटरचा आकडा, बाहेरचा आकडा आणि केबलने जोडले होते की वायफायने, असे पाच रकाने वहीत आखून आठवडाभर नोंद ठेवावी. दररोज रात्री ८ ते ११ मध्येच आकडा उडतो असे दिसले, तर कंपनीच्या वाटेवर गर्दी होत असण्याचा संभव मोठा. अशी नोंद पुढे ठेवली की “राउटर बंद करून चालू करा” यापलीकडे बोलणे सरकते. दोन्ही खिडक्या शांत आणि खेळातला पिंग तेवढा उडतो, असे असेल तर दोष खेळाच्या सर्व्हरचा किंवा त्याच्या वाटेचा समजावा. तिथे वाट पाहणे किंवा दुसरा सर्व्हर निवडणे, एवढेच आपल्या हाती असते.

मित्रांनो, हे करताना विज्ञानाच्या तासाला शिकलेला नियम पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. चॅनल, पट्टा आणि केबल एकदम बदलले तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

पालकांसाठी एक विनंती. हा प्रश्न मुलांच्या खेळापुरता आहे असे समजू नये. ज्या रांगेत खेळ अडकतो, त्याच रांगेत मुलीचा ऑनलाइन वर्ग, वडिलांची कार्यालयीन बैठक आणि दूरदेशीच्या नातवाशी आजीचे बोलणेही अडकते. मुलांनी वही घेऊन मोजमाप केले, तर त्यांना तासाचे शिक्षण मिळेल आणि घराला उत्तर. शाळेच्या संगणककक्षासाठी मोठा प्लॅन घेण्याचा विचार विश्वस्तांपुढे कधी आला, तर त्याआधीही ही चाचणी करून पाहणे हिताचे. रस्ता अरुंद आहे असे मोजून ठरले तर प्लॅन जरूर वाढवावा. मात्र दोष रांगेत किंवा हवेत असेल, तर ते पैसे वाचनालयाच्या पुस्तकांना उपयोगी पडतील.