पॉवरलिफ्टिंगच्या खास जिमला जादा पैसे मोजावेत का? फी भरण्याआधी हा हिशोब करा

तासगाव : तालुक्याच्या गावाला आता दोन-चार जिम असतातच. त्यात शहरात 'खास पॉवरलिफ्टिंगसाठी' असा बोर्ड लावलेल्या जिमही दिसू लागल्या आहेत. मोबाईलवर वजन उचलण्याचे व्हिडिओ बघून पोरं घरी हट्ट धरतात, "तिथंच जायचंय." फी साध्या जिमपेक्षा बरीच जास्त, वर रोजचं जाणं-येणं. हे पैसे कधी सार्थकी लागतात आणि कधी पाण्यात जातात, ते समजून घेऊ.

आधी खेळ ओळखा

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीनच प्रकार असतात. बार खांद्यावर घेऊन बसून उठायचं तो स्क्वॅट, बाकावर झोपून बार छातीला टेकवून वर ढकलायचा तो बेंच प्रेस आणि जमिनीवरचा बार सरळ उभं राहीपर्यंत उचलायचा तो डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात. तिन्ही प्रकारांतल्या सर्वात चांगल्या उचलीची बेरीज म्हणजे खेळाडूचा 'टोटल'.

वेटलिफ्टिंग हा वेगळा खेळ आहे. त्यात बार डोक्यावर न्यावा लागतो. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक मिळवलं, ते वेटलिफ्टिंगमध्ये. वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आहे, पॉवरलिफ्टिंग नाही. पॅरालिंपिकमध्ये मात्र दिव्यांग खेळाडूंसाठी पॉवरलिफ्टिंग आहे आणि तिथं फक्त बेंच प्रेस असतो. पोराला नेमकं काय करायचंय, हे आधी विचारून घ्या.

खास जिममध्ये वेगळं काय मिळतं?

पहिली गोष्ट सामान. स्पर्धेतला बार 20 किलोचा, कडक आणि पकडीला खरखरीत असतो. प्लेटा अचूक वजनाच्या असतात. साध्या जिममधल्या जुन्या प्लेटेवर 20 लिहिलेलं असलं तरी काट्यावर ती कमी-जास्त भरू शकते. स्क्वॅटसाठी मजबूत रॅक असतो आणि त्याला आडव्या सुरक्षा-दांड्या असतात. वजन पेललं नाही तर बार अंगावर न येता दांडीवर अडतो. डेडलिफ्टसाठी जाड रबरी फळ्यांची जागा असते, हाताला खडूची पूड लावायला मनाई नसते.

दुसरी गोष्ट माणसं. स्पर्धेत तीन पंच असतात आणि त्यातल्या किमान दोघांचा पांढरा दिवा लागला तरच उचल धरली जाते. स्क्वॅटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेला नाही, तर कितीही वजन असो, उचल बाद. बेंच प्रेसमध्ये पंच 'प्रेस' म्हणेपर्यंत बार छातीवर थांबवावा लागतो. असल्या बारकाव्यांवर रोज टोकणारा कोच आणि शेजारी सावरायला उभे राहणारे जोडीदार, खरी फी याचीच असते. चकचकीत आरसे आणि एसीची नाही.

नवख्याला याची गरज किती?

सुरुवातीला फारशी नाही. नवीन पोरगं रिकाम्या 20 किलोच्या बारवर शिकतं, मग अडीच-पाच किलोनं वाढवत जातं. पहिले काही महिने त्याला अडवतं ते तंत्र, जेवण, झोप आणि दांड्या. प्लेटेतला शे-दोनशे ग्रॅमचा फरक नाही. जवळच्या जिममध्ये मोकळा बार, रॅक, बाक, पुरेशा प्लेटा आणि एक जाणता माणूस असेल, तर तिथं भक्कम पाया तयार होतो.

मात्र दोन गोष्टी तपासा. काही जिममध्ये स्क्वॅटसाठी फक्त स्मिथ मशीन असतं. त्यात बार खाचेतून सरळ वर-खाली जातो, तोल सांभाळायची सवयच लागत नाही. दुसरं, गावातल्या खुल्या व्यायामशाळेतली यंत्रं अंग मोकळं करायला चांगली, पण त्यांत वजन वाढवत नेता येत नाही. या खेळाचा सगळा पायाच वजन वाढवण्यावर आहे.

खर्चाचा हिशोब

फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. समजा, तासगावहून सांगलीला जायचं. जाऊन-येऊन साधारण 50 किलोमीटर. गाडी लिटरला 50 देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं. आठवड्याला चार दिवस म्हणजे महिन्याला 17 फेऱ्या. फीचे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, आपल्याकडचे घालून बघा.

- खास जिम : फी 2500 + पेट्रोल 1785 = महिना 4285 रुपये. एका दिवसाला 252 रुपये.
- गावातली जिम : फी 800, चालत जाणं. एका दिवसाला 47 रुपये.

वर्षाला फरक होतो 41,820 रुपयांचा. वर दर फेरीला दीड तास रस्त्यावर जातो तो वेगळा. छाटणीमुळे किंवा परीक्षेमुळे महिन्यात नऊच दिवस जाणं झालं, तर खास जिमचा एक दिवस 383 रुपयांना पडतो. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च कमी होईल. पण संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे फी भरण्याआधी बघावं.

या 41 हजारांत घरच्या पोराचं दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे वर्षभर नीट चालतात. ताकद त्यावरही वाढते.

वर्षाची फी एकदम भरू नका

'महिन्याला 2500, वर्षाचे फक्त 18,000' अशी सूट असते. ऐकायला स्वस्त वाटतं. पण सात महिन्यांची महिनेवार फी होते 17,500. म्हणजे वर्षातून आठ महिने नक्की जाणार असाल तरच वार्षिक फी परवडते. द्राक्षबाग असलेल्या घरात ऑक्टोबरची छाटणी, पुढं काढणी, मग एप्रिलची खरड छाटणी. त्यात परीक्षा. किती महिने सुटतील, हे घरात बसून मोजा. पहिले दोन-तीन महिने महिनेवार भरा.

नोकरीच्या आशेनं जात असाल तर

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 आणि 100 मीटर धावणं, मुलींना 800 आणि 100 मीटर, शिवाय गोळाफेक असते. डेडलिफ्ट किती मारली, याला गुण नाहीत. केवळ भरतीसाठी ही जादा फी भरणं म्हणजे विहीर एकीकडे आणि मोट दुसरीकडे.

शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण कुठल्याही स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याला चालत नाही, त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा एकाहून जास्त संघटना भरवतात. म्हणून कोणत्या संघटनेची, कोणत्या पातळीची स्पर्धा ग्राह्य आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. 'पैसे भरा, सर्टिफिकेट देतो' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. खोटं प्रमाणपत्र उघडकीला आलं की मिळालेली नोकरीही जाते.

मग पैसे कधी मोजावेत?

- जवळच्या जिममध्ये सहा-आठ महिने न चुकता काढलेत आणि आता तिथल्या प्लेटा किंवा रॅक खरोखर कमी पडतायत.
- तिथं डेडलिफ्ट करू देत नाहीत किंवा जड वजनाला सावरायला कुणी नाही.
- पुढच्या चार-सहा महिन्यांत स्पर्धेत उतरायचं नक्की आहे. सब-ज्युनिअर गट 14 ते 18 वर्षांचा, ज्युनिअर 19 ते 23 चा असतो, चाळिशीनंतर मास्टर्स.

यातलं एकही लागू नसेल, तर गावातली जिम बरी.

मधला मार्गही आहे

रोजचा सराव गावात करायचा आणि महिन्यातून दोनदा खास जिममध्ये एका दिवसाची फी देऊन कोचकडून चुका काढून घ्यायच्या. स्पर्धेआधीचे दोन महिने तेवढे तिथं पूर्ण भरायचे. चार-पाच पोरांनी वर्गणी काढून गावच्या व्यायामशाळेत रॅक आणि बार आणणं हाही एक उपाय. क्रीडा खात्याची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे, तिची चौकशी ग्रामपंचायतीनं करावी.

घरी सेट मांडला तरी बेंच प्रेस एकट्यानं कधीच करू नये. बार मानेवर आला तर हाक मारायलाही दम राहत नाही. जोडीदार हवाच, नाहीतर सुरक्षा-दांड्या असलेला रॅक हवा.

फी भरण्याआधी जिममध्ये हे विचारा

1. कोच स्वतः स्पर्धेत उतरला आहे का? तो आपल्या वेळेला हजर असतो का?
2. इथली किती पोरं गेल्या वर्षी स्पर्धेत खेळली, आणि कुठल्या संघटनेच्या?
3. संध्याकाळच्या गर्दीत रॅक मिळायला किती थांबावं लागतं?
4. मध्येच बंद केलं तर फी पुढं धरणार का? तसं पावतीवर लिहून द्याल का?
5. पहिल्याच दिवशी डबे आणि पावडरी गळ्यात मारतात का? तसं असेल तर विचार करा.

एक दिवस नुसतं जाऊन बघा. कोच मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय की पोराचा स्क्वॅट बघून त्याला थांबवून परत करायला लावतोय, एवढ्यावरून निम्मा निर्णय होतो. उरलेला निम्मा घरच्या हिशोबाच्या वहीत आहे.