सर्व्हरचा वेग वाटून देताना

१०० मेगाबिटच्या लाइनवरचा वेब सर्व्हर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट बाहेर पाठवू शकतो. दणकट इंटरनेट असलेल्या एकानेच मोठी फाइल ओढायला घेतली, तर जवळजवळ सगळी लाइन त्याच्या एकट्याच्या पदरात पडते आणि इतरांची साधी पानेही रखडतात. म्हणून वेगमर्यादेची सोय सर्व्हरमध्येच करावी लागते.

बाइट हळू पाठवता येत नाहीत. पाठवायचे आणि थांबायचे, एवढेच सर्व्हरच्या हातात असते. इगोर सिसोएव यांनी २००४ साली सर्वांसाठी खुल्या केलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हा हिशेब उघड्यावर वाचता येतो. मर्यादा सेकंदाला २०० किलोबाइटची असेल, तर विनंती सुरू झाल्यापासूनच्या सेकंदांना २०० ने गुणायचे आणि त्यातून आतापर्यंत गेलेला डेटा वजा करायचा. बाकी शून्य किंवा उणे आली की टायमर लावून ते कनेक्शन बाजूला ठेवायचे. तोवर तीच प्रोसेस दुसऱ्यांची कामे उरकते. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरचे मॉड_रेटलिमिट हे मॉड्यूल मात्र तुकडा पाठवून २०० मिलिसेकंद झोपते. त्या वेळात त्याचा थ्रेड अडकून राहतो, आणि संथ डाउनलोड वाढले की मोकळे थ्रेड कमी पडू लागतात.

खरी परीक्षा दोन टर्मिनल शेजारी उघडल्यावर होते. एकात कर्ल या कमांडने फाइल मागवली, की वेगाचा आकडा २०० किलोबाइटच्या आसपास स्थिरावतो. दुसऱ्यातही तीच फाइल मागवली, तर तिथेही २००! मर्यादा माणसाला नसते, विनंतीला असते. आठ कनेक्शन उघडणारा डाउनलोड मॅनेजर आठपट वेग घेऊन जातो.

मग एका आयपी पत्त्याला दोनच कनेक्शन द्यावीत, हा उपाय सुचतो. पण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. तिथे दोघांचे डाउनलोड चालू असले, की तिसऱ्याच्या वाट्याला ५०३ ची चूक येते. शिवाय एचटीटीपी/२ मध्ये एकाच वेळी चाललेली प्रत्येक विनंती एनजिनएक्स वेगळे कनेक्शन म्हणून मोजतो. हा नियम सगळ्या साइटला लावला, तर चित्रांनी भरलेले एक पान उघडतानाच साधा वाचक अडवला जातो.

त्यामुळे मर्यादा फक्त डाउनलोडच्या फोल्डरला लावणे बरे. पहिला एक मेगाबाइट मोकळा सोडला, तर लहान फाइल झटकन उतरते. १०० मेगाबाइटच्या फाइलला २०० किलोबाइटच्या वेगाने साडेआठ मिनिटे लागतात, पण अशी साठेक डाउनलोड त्या लाइनवर एकाच वेळी चालू शकतात. नकार द्यायचाच असेल, तर ५०३ ऐवजी ४२९ द्यावा. ‘सर्व्हर कोलमडला’ आणि ‘तुमच्या विनंत्या जास्त झाल्या’ यांतला फरक समोरच्याला कळलाच पाहिजे. आणि लॉगिनची सोय असलेल्या साइटने पत्ता न मोजता खाते मोजावे. एका पत्त्यामागे किती माणसे आहेत, हे सर्व्हरला कधीच दिसत नाही.