खरकटे डुकराला, धोका शेजाऱ्याला

डुक्कर सर्वभक्षी आहे. भाजीपाल्याची देठे, कोंडा, शिळी पोळी, हॉटेलातले खरकटे असे सगळे तो पचवतो. वाया जाणारे अन्न असे कामी आले, तर खाद्यासाठी मका-सोयाबीन पिकवायला लागणारी जमीन आणि पाणी वाचते. मग गोठ्यात मेलेले जनावरही डुकरांपुढे टाकले, तर बिघडले कुठे?

उत्तरासाठी 2001 सालचे ब्रिटन पाहावे. नॉर्थम्बरलँडमधील एका वराहपालन केंद्रात नीट न उकळलेले खरकटे डुकरांना घातले गेले. लाळ्या-खुरकूतची साथ बहुधा तिथूनच सुरू झाली, असा सरकारी तपासाचा निष्कर्ष होता. 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांतली बहुतेक मेंढरे होती. त्या खरकट्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनने डुकरांना खरकटे घालण्यावर बंदी आणली.

आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू माणसाला बाधत नाही. पण गोठवलेल्या मांसात तो कित्येक महिने तग धरतो. 2020 मध्ये हा रोग भारतात प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस असलेले खरकटे हा त्याच्या प्रसाराचा एक ठळक मार्ग आहे. उपाय आहे तो उष्णतेचा. अमेरिकेत मांस मिसळलेले खरकटे 100 अंश सेल्सियसला 30 मिनिटे उकळणे बंधनकारक आहे.

मृत जनावरांचा प्रश्न मात्र नुसत्या उकळण्याने सुटत नाही. ब्रिटनमध्ये गाईंना गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी खाऊ घातल्याने ‘मॅड काऊ’ रोग पसरला. तो घडवणारी प्रिऑन प्रथिने उकळूनही नष्ट होत नाहीत. युरोपीय संघाने 2021 मध्ये कोंबड्यांपासूनची प्रक्रिया केलेली प्रथिने डुकरांना देण्यास परवानगी दिली. पण डुकराचे मांस डुकरालाच घालण्याची मनाई कायम ठेवली.

डुकराने काय खावे, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. खाद्याचा वाचलेला पैसा एका मालकाच्या खिशात जातो. साथ आली की भुर्दंड पंचक्रोशीतल्या सगळ्या पशुपालकांना आणि मुक्या जनावरांना बसतो. दुसऱ्याच्या जिवावर केलेली ही काटकसर नीतीत बसत नाही. म्हणून पालापाचोळा आणि कोंडा खुशाल घालावा, मांसाचे खरकटे नीट उकळल्याशिवाय घालू नये. मेलेले जनावर मात्र खोल पुरावे किंवा जाळावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.