नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

कुकटपल्लीतल्या आपल्या अनेक घरांत एक मूल जवळ, दुसरे परदेशात असते. बँकेत सोयीसाठी जवळच्याला नॉमिनी करतात आणि पुढे भावंडांत कटुता येते. नोकरीत आम्ही हे पाहिले आहे. मूळ घोटाळा शब्दाच्या अर्थाचा.

'नॉमिनेट' म्हणजे नाव देणे. ज्याचे नाव दिले तो 'नॉमिनी', म्हणजे नामनिर्देशित. खातेदाराच्या पश्चात बँक ठेव त्याच्या हाती देते, पण तेवढ्याने तो मालक होत नाही. वारसांचा हक्क कायम राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँक ठेवींबाबत हेच स्पष्ट केले.

म्हणून 'ठेव मुलीच्या नावे केली' असे म्हणू नये. 'मुलीला नॉमिनी केले' एवढेच म्हणावे. ठेव तिलाच द्यायची असेल, तर मृत्युपत्र करावे.