टोंगळ्यांचं वंगण आणि वायगावची हळद

समुद्रपूर तालुक्यात सोयाबीनची सवंगणी आटोपत नाही तोच कापसाचा वेचा सुरू होतो. दिवसभर वाकून, उकिडवं बसून टोंगळे बोलायला लागले की औषधाच्या दुकानात मागणी ठरलेली: "वंगण संपलंय, ग्रीस भरायची गोळी द्या."

पहिला घोळ या ग्रीसमध्येच आहे. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे कूर्चेचे घटक खरेच. पण गिळलेली गोळी थेट गुडघ्यात जाऊन थापली जात नाही. कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. कोलॅजनची पावडरही पोटात गेली की बहुतेक पचून तिचे लहान तुकडे होतात. ते गुडघ्यात जायचं की आणखी कुठे, हे डब्यावरच्या चित्राला विचारून ठरत नाही.

"पण मला तर फरक पडला!" पडला असेलच. अमेरिकेतल्या 1583 गुडघेदुखीच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे 67 टक्क्यांचं दुखणं ठरलेल्या प्रमाणात कमी झालं होतं. नुसती औषध नसलेली गोळी खाणाऱ्यांत हा आकडा होता 60. मधला फरक इतका लहान की तो योगायोगाचाही असू शकतो. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात मात्र फरक मोठा दिसला, आणि जाहिराती तेवढाच धरून बसल्या. पुढे 2017 मध्ये स्पेनमधल्या चाचणीत जोडगोळी खाणाऱ्यांपेक्षा खोट्या गोळीवाल्यांनाच जास्त आराम पडला. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शिकेत गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन देऊ नये असंच सांगितलं.

मग त्या साठ टक्क्यांना बरं कसं वाटलं? 'मनाचे खेळ' म्हणून त्यांना हसण्यात अर्थ नाही, आराम खराच असतो. शिवाय झिजेचं दुखणं चढतं-उतरतं. माणूस गोळी आणतो ती दुखणं कळसाला पोचल्यावर, म्हणजे ऐन वेच्यात. वेचा संपला, टोंगळ्यांना विसावा मिळाला, की उतार पडतो आणि श्रेय बाटलीला जातं.

आता आपल्या घरच्या सोन्याकडे येऊ. याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. करक्युमिन या हळदीतल्या घटकाचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास, ही तिची ख्याती. थायलंडमध्ये 367 रुग्णांना चार आठवडे हळदीचा अर्क किंवा आयबुप्रोफेन दिलं, तेव्हा आराम जवळपास सारखाच निघाला आणि अर्कवाल्यांच्या पोटाला त्रास कमी झाला. माझ्या मते ग्लुकोसामाइनपेक्षा हळदीची बाजू भक्कम आहे. तरी त्या चाचणीत खोट्या गोळीचा गट नव्हता, हे विसरून चालत नाही. आणि अर्क रोज 1500 मिलिग्रॅम होता; वायगावच्या चमचाभर, म्हणजे तीनेक ग्रॅम हळदीत करक्युमिन जेमतेम 180 मिलिग्रॅम, तेही रक्तात फारसं उतरत नाही. हळदीचं दूध खुशाल प्या, पण ते औषधाचा डोस नव्हे.

"नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?" मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनसोबत ग्लुकोसामाइन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. माळकऱ्यांनी तर हिरवा ठिपका पाहूनच डबा घ्यावा: ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेतून. आणि बाजारातल्या बिनलेबलच्या जडीबुटीने दोन दिवसांत जादू केली, तर आधी स्टेरॉइडचा संशय घ्यावा. चेहरा सुजतो, साखर चढते.

गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून तीन महिने घ्या, मग बंद करून बघा. त्याच काळात खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजून खाली आणायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू गुडघ्याचा भार उचलतात. वजन एक किलो घटलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. गिरडच्या टेकडीच्या पायऱ्या चढताना हा हिशेब टोंगळ्यांना लगेच कळतो.