प्रोसेसर कशाची वाट पाहतोय?

५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोके. एका ठोक्याच्या वाट्याला येणाऱ्या वेळात प्रकाश जेमतेम सहा सेंटिमीटर पुढे सरकतो. विश्वात ज्याच्याहून वेगवान काही नाही त्याची ही गत, तर बोर्डावरच्या तांब्यातून जाणारा संकेत साधारण त्याच्या निम्माच पल्ला गाठतो. आता कॅबिनेटचं झाकण काढून प्रोसेसर आणि रॅमच्या पट्टीतलं अंतर बघा. ‘अमुक आकडा पाठव’ हा निरोप रॅमपर्यंत पोचायच्या आतच प्रोसेसरचे काही ठोके वाजून गेलेले असतात. मग रॅमने तो आकडा आपल्या कप्प्यांतून शोधायचा, आणि तो परत यायचा. सगळा हेलपाटा सुमारे ८० नॅनोसेकंदांचा, म्हणजे चारशे ठोक्यांचा!

हे प्रमाण आपल्या आवाक्यात आणायचं तर एका ठोक्याला एक सेकंद धरू. प्रोसेसरच्या अगदी कुशीतल्या कॅशमधून आकडा चार-पाच सेकंदांत हातात पडतो. चिपवरच्या मोठ्या, तिसऱ्या पातळीच्या कॅशमधून यायला पाऊण मिनिट लागतं. रॅममधून सहा-सात मिनिटं. चांगल्या एसएसडीमधून पाच-सहा दिवस. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून? एक वर्ष सात महिने.

दुकानात प्रोसेसर निवडताना आपण ‘कोअर किती, जनरेशन कुठली’ असं विचारतो. मला वाटतं, त्याआधीचा प्रश्न घरीच विचारायला हवा. आत्ता मशीनमध्ये जो आहे तो कशाची वाट पाहतोय?

एके काळी हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. १९८४ साली आयबीएमचा पीसी एटी आला तेव्हा त्याच्या प्रोसेसरचा वेग ६ मेगाहर्ट्झ होता. २००४ च्या अखेरीस इंटेलचा पेंटियम ४ पोचला ३.८ गिगाहर्ट्झवर. वीस वर्षांत सहाशेपटींहून जास्त! त्या काळात डोळे मिटून नवा प्रोसेसर घ्यावा आणि सगळंच सुसाट व्हावं. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला वीजही त्याच प्रमाणात कमी लागते, हा रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम या सगळ्यामागे होता. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपू लागली, उष्णता आवरेना आणि नियम मोडला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर केला होता, तो रद्द करावा लागला. पुढच्या वीस वर्षांत, २०२४ पर्यंत, डेस्कटॉपचा सर्वांत चढा आकडा ६.२ गिगाहर्ट्झवर गेला. आधीच्या वीस वर्षांत सहाशेपट, नंतरच्या वीस वर्षांत दीडपटीच्या जरा वर.

रॅमची कथा तर याहून चमत्कारिक आहे. पेंटियम ४ च्या काळातल्या डीडीआर-४०० रॅमची चांगली पट्टी मागितलेला आकडा काढून द्यायला १० नॅनोसेकंद घ्यायची. आजची डीडीआर५-६००० ची चांगली पट्टीही १० नॅनोसेकंदच घेते. एका वेळी पुरवला जाणारा माल कितीतरी पटींनी वाढला, पण पहिला दाणा हाती यायला लागणारा वेळ जागचा हलला नाही.

मग एवढी वर्षं प्रोसेसर घडवणारे करत काय होते? थोडक्यात सांगायचं तर, वाट पाहण्याचा वेळ सत्कारणी लावत होते. आजचा प्रोसेसर पुढे काय होणार याचा अंदाज बांधतो आणि उत्तर यायच्या आतच त्या अंदाजावर काम सुरू करतो. एएमडीच्या झेन ३ रचनेत एकेका कोअरमध्ये २५६ पर्यंत सूचना एकाच वेळी अधांतरी असू शकतात. जिचा कच्चा माल आधी आला ती आधी उरकायची. अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. चुकला की डझनभर ठोक्यांचं काम टाकून द्यायचं आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढे जायचं. (ते टाकून दिलेलं काम मागे खुणा ठेवतं आणि त्यांवरून गुपितं चोरता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांनी जगाला कळलं.)

दुसरा मार्ग साठा जवळ ठेवण्याचा. रोज लागणारी मोहरी-हळद मिसळणाच्या डब्यात, शेगडीशेजारी, बाकीचं फडताळात. कॅशचं तत्त्व एवढंच. अडचण अशी की चिपवर जागा सोन्याच्या भावाने मिळते, त्यामुळे डबा फार मोठा करता येत नाही. एएमडी आणि चिप बनवणारी तैवानची टीएसएमसी यांनी मग वर मजला चढवला. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये मूळ चिपच्या डोक्यावर ६४ मेगाबाइट कॅशची दुसरी पातळ चिप बसवली होती. मध्ये सोल्डर नाही. तांब्यावर तांबं थेट जोडलेलं. तिसऱ्या पातळीची कॅश ३२ वरून ९६ मेगाबाइट झाली. हा मजला उष्णतेच्या वाटेत येत असल्यामुळे कमाल वेग मात्र साध्या ५८००एक्सच्या ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर उतरवावा लागला. आणि तरी, वेग कमी असूनही, बऱ्याच गेम्समध्ये हाच सरस ठरला. रॅमकडे होणारे सात-सात मिनिटांचे हेलपाटे वाचले, म्हणून! नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये तर त्यांनी इमारतच उलटी केली. कॅश खाली, कोअर वर, म्हणजे कोअरची उष्णता सरळ कूलरला. कमाल वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढला.

मात्र ज्याच्या कामाला लागणारा माल त्या वाढीव डब्यातही मावत नाही, किंवा आधीच्याच डब्यात मावत होता, त्याला या मजल्याचा उपयोग जवळपास शून्य. कागदावरचे आकडे म्हणूनच फसवतात.

टास्क मॅनेजरही फसवतो, आणि तेही दोन्ही बाजूंनी. रॅमची वाट पाहत ताटकळलेला कोअर तिथे ‘व्यग्र’ म्हणूनच मोजला जातो. उलट, सोळा थ्रेडच्या मशीनवर एकाच थ्रेडने चालणारा प्रोग्रॅम पुरता गुदमरत असला तरी एकूण आकडा दिसतो ६ टक्के, आणि आपण म्हणतो प्रोसेसर तर निवांत आहे. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर वेगळा पाहिला की खरं चित्र थोडं उघडं होतं.

चाचण्या घरच्या घरी होतात. विंडोज सुरू व्हायला मिनिटं लागत असतील आणि आत हार्ड डिस्क फिरत असेल तर प्रोसेसरला हात लावू नका. ते वर्ष सात महिने एसएसडीने पाच दिवसांवर येतात, तेही नव्या प्रोसेसरच्या तुलनेत किरकोळ खर्चात. गेम अडखळत असेल तर रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम वाढल्या तर अडसर ग्राफिक कार्डाचा होता. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर दमलेला आहे. व्हिडिओ एक्सपोर्टसारख्या कामात जास्त कोअर कामी येतात, पण तिथेही जीन अम्डाल यांनी १९६७ मध्ये दाखवलेली मर्यादा आडवी येते. कामाचा दहावा भाग जरी एकामागून एकच करावा लागत असला, तर आठ कोअर काम ४.७ पट वेगाने उरकतात आणि सोळा कोअर ६.४ पट. कितीही कोअर लावा, दहापटीच्या पुढे मजल जात नाही.

विदर्भात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. प्रोसेसर साधारण ९५ अंशांवर स्वतःला आवरतो, आणि हवेचा कूलर त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत २५ अंश असताना ७० अंशांची मोकळीक असते. मे महिन्यात खोलीच ४५ वर गेली की ५० उरते. त्यात कूलरच्या पात्यांत धूळ आणि कूलरखालची पेस्ट वाळलेली. अशा मशीनला आधी ब्रश लावावा.

पिढीच्या फरकाचंही गणित करून बघा. एएमडीच्या स्वतःच्या दाव्यानुसार त्याच वेगावर झेन ४ हा झेन ३ पेक्षा १३ टक्के आणि झेन ५ हा झेन ४ पेक्षा १६ टक्के जास्त काम करतो. एका पिढीने तासाचं काम त्रेपन्न मिनिटांवर येतं, दोन पिढ्यांनी शेहेचाळीसवर. रोज एक्सपोर्ट लावणाऱ्याला ती मिनिटं मोलाची. पत्रं टाइप करणाऱ्याला एका पिढीचा फरक जाणवणारही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी कधी निर्णय वेगाचा नसतोच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला, आणि विंडोज ११ रायझन १००० मालिकेला किंवा इंटेलच्या सातव्या पिढीतल्या जवळपास सगळ्याच प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. धडधाकट प्रोसेसर कागदोपत्री निवृत्त. लिनक्स टाकणाऱ्यांना याचं सोयरसुतक नाही, बाकीच्यांना आहे.

आता समजा, २०१७ मध्ये घेतलेलं रायझन ५ १६०० आणि बी३५० बोर्ड असं मशीन आहे. सगळं नवं घ्यायचं तर एएम५ सॉकेट, म्हणजे नवा बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम असा अख्खा कॉम्बो. पण त्याच जुन्या एएम४ सॉकेटसाठी एएमडीने ९६ मेगाबाइट कॅशचा ५७००एक्स३डी जानेवारी २०२४ मध्ये काढला. २०२२ पासून एएमडीने ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिकेची दारं उघडली आहेत. तेव्हा बोर्डाच्या कंपनीने तसा बायोस दिला असेल आणि काम मुख्यतः गेम्सचं असेल, तर मी बोर्ड आणि रॅम तशीच ठेवून एवढीच एक चिप शोधेन.

बायोस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करायचा; नंतर नव्याला बोर्ड ओळखणार नाही. आणि कूलर काढण्यापूर्वी मशीनवर थोडा वेळ काहीतरी जड काम चालवा, म्हणजे पेस्ट सैल होईल. मग बंद करून, प्लग काढून, कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ नाजूक पिना असतात, आणि वाळलेल्या पेस्टला चिकटून तो लॉक केलेल्या सॉकेटमधूनही कूलरबरोबर उपटून येतो.