पटावरचा वीर दमत का नाही?

बुद्धिबळाचा घोडा पहिल्या चालीला जितका ताजा, तितकाच चाळिसाव्या चालीलाही असतो. त्याला धाप लागत नाही की पाणी लागत नाही. बुद्धिबळात हे खपते, कारण तो बुद्धीचा खेळ. पण अलीकडे मुले मेजाभोवती बसून एक निराळा खेळ खेळतात. प्रत्येकाने एका वीराचे सोंग घ्यायचे, एकाने सूत्रधार व्हायचे आणि तलवारीचा वार लागला की हुकला हे फाशांनी ठरवायचे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने असा खेळ छापून निघाला, आणि त्याच्या पुढे अनेक शाखा फुटल्या.

या खेळात वीराच्या जिवाचे अंक असतात. जखम झाली की अंक घटतात. गंमत अशी, की शंभरातला एकच अंक उरला तरी गडी पहिल्याइतक्याच जोराने वार करतो! थकव्याचा नियम नाही असे नव्हे. दिवसाकाठी आठ तासांहून जास्त चाल केली, उपास घडला, तर थकवा मोजतात. पण नुसती तलवार चालवून कोणी थकत नाही.

खरे शरीर कसे वागते? सर्व ताकदीनिशी धावलो, तर स्नायूंत तयार असलेली शिदोरी दहाएक सेकंदांत सरते. पुढे मिनिट-दोन मिनिटे शरीर उसनवारीवर चालते, आणि मग जे काही करायचे ते श्वासाच्या बळावर. खर्च सेकंदांत होतो, भरपाईला मिनिटे लागतात. तलवार म्हणावी तर एक-सव्वा किलोची. दमवतो तो उचलून धरलेला हात, आणि त्याहून जास्त आपले पाय.

आपल्या हुतूतूत हे कोणाला शिकवावे लागत नाही. तिथे दम हाच नियम. एका श्वासात जायचे, गडी मारायचा आणि दम सुटायच्या आत परतायचे. आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे, तरी मूळ हिशेब श्वासाचाच. चांगला चढाईवाला जोरात असतो, त्याहीपेक्षा आपल्यात किती उरले आहे हे तो जाणतो.

आता आपल्या खालापूरचीच एक लढाई घ्या. फेब्रुवारी १६६१. शाएस्ताखानाने कोकणावर धाडलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने उतरला आणि उंबरखिंडीच्या रानात शिरला. वाट चिंचोळी, दोहो बाजूंना झाडी. चालून आणि तहानेने फौज शिणलेली. वर शिवाजी महाराजांचे लोक दबा धरून, विसावलेले. उतरण सोपी असते असे शहरातल्या माणसाला वाटते. भिवपुरीला वीजघराच्या वरचा डोंगर उतरून आलेल्या कोणालाही विचारा, धाप लागत नाही पण मांड्या लटलटतात. तशा मांड्यांवर लढायचे! रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली, खंडणी दिली, सामान टाकले आणि वाट मागून घेतली.

ही लढाई नेहमीच्या नियमांनी मेजावर मांडली, तर संख्येच्या जोरावर खान जिंकायचा. म्हणून शिक्षकांना एक सोपी युक्ती सांगतो. प्रत्येक गड्याला दहा चिंचोके द्या, तो त्याचा दम. एक डाव म्हणजे दहा सेकंद. साधा वार केला तर एक चिंचोका खर्च, धावून जोराचा हल्ला केला तर तीन. मागे सरून एक डाव स्वस्थ उभा राहिला तर एक परत. तीनपेक्षा कमी उरले की फाशात पडलेल्या दानातून दोन वजा. पाहा, तीन जोराचे हल्ले म्हणजे अर्धे मिनिट, आणि हाती एकच चिंचोका! ते नऊ भरून यायला नऊ डाव, म्हणजे दीड मिनिट. खऱ्या शरीराच्या हिशेबापासून हे फार दूर नाही.

घाट उतरून आलेल्यांना मात्र सुरुवातीलाच सहा द्या, आणि पाणी मिळेपर्यंत विसाव्याचा चिंचोका देऊ नका. वर बसलेल्यांना पुरते दहा. दगड लोटायचा तर एकच खर्च, कारण अर्धे काम उतार करतो.

काही मुले कुरकुरतील, की यात हिशेबच फार. खरे आहे. वजन, ऊन, चिलखत असे सगळेच मोजत बसलात तर खेळाची हजेरीवही होईल. एक चिंचोक्यांची वाटी पुरे. खानाच्या बाजूच्या मुलांना मात्र एक मुभा ठेवा. कोणत्याही डावात ‘आम्ही खंडणी देतो’ असे म्हणता आले पाहिजे. ते कितव्या डावाला म्हणतात, आणि तेव्हा त्यांच्या वाटीत किती चिंचोके असतात, हे फळ्यावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी बाजू बदलून पुन्हा खेळवा.